कोकणात घर बांधतोय: स्लॅब घालू की कौलं?

खळ्यातला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. होतं म्हणायला हवं. गेल्या श्रावणात माजघरावरचं आढं बसलं. वरून ऑइलपेंट चकचकीत, आत वाळवीने नुसता भुसा ठेवलेला. कोणाला लागलं नाही हे नशीब. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर पाडून नवीनच बांधायचं ठरलं.

नवं घर साधारण ९०० चौरस फूट, तळमजलाच, पुढे पडवी, खळं आहे तसंच. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, यावर घरात एकमत आहे (एवढ्या एकाच गोष्टीवर). भांडण छपरावरून. बाबा म्हणतात कौलं. कंत्राटदार म्हणतो, "दादा, कौलं आता कोण घालतो? स्लॅब टाका, पुढेमागे माळा चढवता येईल." बायकोचं म्हणणं, उतरता स्लॅब घालून त्यावर कौलं लावू, दिसायलाही छान. मी तिघांनाही हो म्हणून बसलोय.

राहणार आईबाबा, बारा महिने. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. मी डोंबिवलीत, महिन्यातून एखादी खेप. पाया दिवाळीनंतर खणायचा आणि मिरगाच्या आत डोक्यावर छप्पर हवं. ज्यांनी कोकणात बांधलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा. खिडक्या, फरशी वगैरेंचंही चालेल, पण आधी छप्पर.

पागोळी

कौलं. विषय संपला.

अर्धा_कप

कोकणातलं घर आणि तीन माणसांची तीन मतं. विषय आत्ता सुरू झाला. मी चहा टाकतो.

दिवेआगर_वाडी

मीही कौलांच्याच पार्टीतला होतो, ३ जून २०२० पर्यंत.

निसर्ग वादळ आलं त्या दिवशी आम्ही घरातच होतो. आधी कौलं नुसती खडखडत होती, आजीच्या कवळीसारखी. मग वळचणीची एक ओळ गेली, आणि एकदा वारा आत शिरल्यावर बाकीची कशी गेली ते बघायला कोणी थांबलं नाही. गोठ्याचा पत्रा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या पोफळीत सापडला. शेजाऱ्यांकडे मागची एक खोली तेवढी स्लॅबची होती. तीन घरांतली माणसं, दोन शेळ्या आणि एक शिवणयंत्र तिथे संध्याकाळपर्यंत.

वादळ एका दिवसाचं. खरा त्रास पुढे. पाऊस सुरू झालेला, कौलं मिळेनात, ताडपत्री मिळेना, कारण सगळ्या तालुक्याला एकाच आठवड्यात हवी होती. पुढच्या वर्षी तौक्ते वादळाची बातमी आली तेव्हा आई रात्रभर जागी होती.

माझं म्हणणं एवढंच, कौलं घाला हवी तर, पण निदान एक खोली स्लॅबची असू द्या. कागदपत्रं, गाद्या आणि म्हातारी माणसं तिथे.

पागोळी

@दिवेआगर_वाडी, वाईट वाटलं वाचून. पण वळचणीची ओळ बांधलेली होती का? मंगलोरी कौलाच्या पोटाला एक नाक असतं, त्याला भोक असतं. ते तार ओवून रीपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीला, बांधण्यासाठी असतं. आमच्याकडे नव्वद टक्के लोकांना ते भोक कशाला आहे हे माहीत नाही. खालच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक आणि दोन्ही बाजूंच्या कडा बांधल्या तर पुष्कळ फरक पडतो. वारा कडेलाच उचलतो.

दिवेआगर_वाडी

नव्हती बांधलेली. आता आहे.

साइटवरचा_सिव्हिल

रत्नागिरी जिल्ह्यातच अठरा वर्षं साइटवर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

वहिनींची कल्पना दिसायला सगळ्यात सुंदर आणि करायला सगळ्यात अवघड. उतारावर काँक्रीट ओतलं की घसरतं. घसरू नये म्हणून घट्ट कालवायचं. घट्ट काँक्रीटला व्हायब्रेटर नीट फिरवावा लागतो, आणि फिरवला की ते परत घसरतं. म्हणून गवंडी व्हायब्रेटर दाखवल्यासारखा करतो आणि थापीने वरून गुळगुळीत करून देतो. मग आढ्याजवळ चार इंच, वळचणीला सहा इंच आणि मधे पोळ्यासारखी पोकळ जाळी सुटलेली. त्यावर सिमेंटच्या मालात कौलं चिकटवली की झाकलं सगळं. दोन पावसाळ्यांनी खोलीत ओल दिसते. आत शिरलेलं पाणी कौलांखालून कुठेही फिरून कुठेही उतरतं. मूळ शोधायचं तर कौलं फोडण्याशिवाय इलाज नाही. करायचंच असेल तर उतार कमी ठेवा, ओतकाम खालून वर न्या, स्लॅब उघडा असताना एक पाऊस खाऊ द्या, आणि कौलं मालात न बसवता वर रीपा मारून सुटी ठेवा.

सपाट स्लॅब मुळात वाईट नसतो, वाईट पद्धतीने घातलेला असतो. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शंभराला एक तरी उतार हवा, आणि पाणी उतरायची भोकं चार इंची, एक नव्हे, दोन-तीन. एक फणसाचं पान बसलं की तुमच्या डोक्यावर तळं. गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मधून नसतेच. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यातून असते, किंवा मागाहून पाइपसाठी फोडलेल्या भोकातून.

आता वाळू. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल कोणी विचारत नाही. खाडीची वाळू स्लॅबमध्ये घालू देऊ नका. मीठ सळईला खातं, सळई गंजून फुगते आणि खालून पोपडे पडतात. गावोगावी तळाची सळई उघडी पडलेले वीस-पंचवीस वर्षांचे स्लॅब बघाल, त्यातल्या बऱ्याच घरांची कथा हीच. जुने गवंडी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून सांगतात. ती चाचणी वाईट नाही, पण घर त्यावर बांधू नये. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू घ्या, धुतलेली. पाण्याचंही तेच: सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, विहीर खाडीजवळ असेल तर तपासून घ्या.

सळईखाली खडी सारू नका, कव्हर ब्लॉक ठेवा. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असेल तर निदान दहा दिवस पाण्याखाली, आळी करून. "सकाळ-संध्याकाळ पाइप मारतो" म्हणजे पाणी मारणं नव्हे, ते झाडाला घालणं.

फुटकी_घागर

आमच्या वाडीतली रीत सांगते. आधी स्लॅब घालायचा. तो गळतो. मग डांबर. ते उन्हाने फाटतं. मग केमिकलवाला येतो, दहा वर्षांची गॅरंटी देतो आणि फोन नंबर बदलतो. शेवटी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा. म्हणजे दोन छपरांचे पैसे भरून माणूस शेवटी पत्र्याखालीच.

अर्धा_कप

आणि वर लोणच्याची बरणी, जुनी सायकल आणि गणपतीचं मखर ठेवायला जागा. तोटा नाहीच त्यात.

वेंगुर्ल्याचो

सगळे वाऱ्यापावसाचा बोलतत, माकडांचा कोणच बोलना नाय!

प्रमाण मराठीत सांगतो. आमच्याकडे कौलांचा पहिला शत्रू वादळ नाही, वानर. आंबा-काजूच्या दिवसांत सकाळी सातला कळप येतो, फणसावरून उडी थेट आढ्यावर. एका खेपेला पाच-दहा कौलं. वर्षाला शंभरेक बदलत होतो. फटाके लावले, आठ दिवस घाबरले. प्लास्टिकचा वाघ आणला, त्याच्या शेजारी बसून उवा काढत होते. शेवटी कौलासारखा दिसणारा रंगीत पत्रा घातला. आता फुटत नाही, पण आषाढात घरात एकमेकांशी बोलायचं तर खुणा कराव्या लागतात.

पागोळी

नवरा-बायकोसाठी हा फायदा धरायचा का तोटा?

वेंगुर्ल्याचो

बायको ह्या वाचता. उत्तर देऊचा नाय.

नागपूरी_ऊन

आम्ही विदर्भातले, त्यामुळे पावसाचा अनुभव बेताचा. पण स्लॅबखाली मे महिना म्हणजे भट्टी. चायना मोझॅक करा, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं. ऊन परततं आणि पाण्याचाही बंदोबस्त होतो. आमच्याकडे भिंतीला एएसी ब्लॉक (सिमेंटचे, आतून सच्छिद्र) वापरले, हलके आणि थंड. चिऱ्याचा हट्ट कशाला?

साइटवरचा_सिव्हिल

चायना मोझॅक चांगलं, फक्त आपल्याकडे सांध्यांत शेवाळ धरतं आणि निसरडं होतं, वर जपून चालावं लागतं. एएसी ब्लॉक नागपुरात ठीक. राजापुरात चिरा गावात निघतो आणि ब्लॉक ट्रकने घाट उतरून येणार. शिवाय ब्लॉक पाणी पितात, साइटवर उघडे पडले आणि भिजले की प्लास्टरला भेगा ठरलेल्या. इथे चिराच बरा.

माजघर

सगळे वाचले. एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही म्हणून लिहितेय. शाकारणी कोण करणार?

माझं सासर संगमेश्वर तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हा वैशाखात वाडीतलेच दोघं यायचे, कौलं उतरवायचे, झाडायचे, फुटकी काढून परत लावायचे. दोन दिवसांचं काम. आता ते दोघं थकले, त्यांची मुलं मुंबईत. गेल्या वर्षी ज्याला सांगितलं तो मिरग लागल्यावर उगवला, ओल्या कौलांवर चढला, आठ नवी लावली आणि पायाखाली बारा फोडली. यंदा तो आलाच नाही. मी बाजारातून येऊन बघते तर सासरे वर. वय ७८. शिडीला खाली धरून सासूबाई, वय ७२. पुढचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

खळ्यातला, तुम्ही महिन्यातून एकदा जाणार. कौल फुटलं आणि रात्री गळायला लागलं तर तुमचे बाबा शिडीला हात लावणार नाहीत याची खात्री आहे?

खळ्यातला

आत्ताच फोन करून विचारलं. बाबा म्हणाले, "त्यात काय?"

फुटकी_घागर

झालं. स्लॅब.

पागोळी

असं कसं? कौलाखाली सीलिंगची कौलं घाला, जुन्या सरकारी बंगल्यांत असायची ती, चपटी. वरचं एखादं फुटलं तरी पाणी खालच्यावरून वाहून जातं, घाईने चढायला लागत नाही, आणि उकाडाही कमी. मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात १८६० च्या दशकात काढायला सुरुवात केली. इतकी वर्षं कोकण त्याखाली झोपलंय. सगळे काय मूर्ख होते?

माजघर

मूर्ख नव्हते, त्यांच्या घरात सहा तरुण माणसं होती.

वेल्डिंगवाला

कौलं घाला नाहीतर पत्रा, सांगाडा कशाचा ते आधी बोला. लाकूड म्हणाल तर ऐन, किंजळ आता मिळतं महाग आणि मिळतं ते ओलं. म्हणून सगळे लोखंडी पाइपवर येतात, आणि आमचेच भाईबंद तिथे फसवतात. काळा पाइप, वर एक हात रेड ऑक्साइड, त्यावर रंग, झालं. समुद्राची हवा पाइपला आतून खाते, बाहेरून कळत नाही. तुमच्या आढ्याच्या वाळवीसारखंच हो.

जीआय पाइप घ्या, जस्त चढवलेला. जिथे वेल्डिंग होईल तिथलं जस्त जळतं, त्या प्रत्येक सांध्यावर झिंकचा प्रायमर पाहिजे. पाइपांची तोंडं टोपी घालून बंद. पाइप भिंतीत गाडू नका, खाली पट्टी देऊन बोल्टवर बसवा. आणि पाइप वजनावर घ्या, नगावर नको, जाडीत मारतात.

साइटवरचा_सिव्हिल

+१. सळईलाही हेच. व्यासाचा वर्ग भागिले १६२, एका मीटरचं वजन किलोत निघतं. आठ एमएम म्हणजे साधारण ३९५ ग्रॅम, दहा ६१७, बारा ८८८. थोडं इकडेतिकडे चालतं, पण बारा एमएमची सळई ८०० ग्रॅम भरत असेल तर गाडी परत पाठवा.

हिशेबी

पैशाचं बोलू का? मटेरियलसकट देताय की मजुरीवर? तुम्ही तिथे नसणार म्हणजे मटेरियलसकट देण्याचा मोह होणार. द्या, पण कुठली सळई, कुठलं सिमेंट, कुठली वाळू ते करारात लिहून. आमचा करार "उत्तम प्रतीचे साहित्य" या तीन शब्दांत आटोपला होता. उत्तम कोणाच्या मते ते राहून गेलं. प्लिंथ (जोतं), लिंटेल (दारं-खिडक्यांचा माथा), छप्पर, प्लास्टर असे टप्पे पाडा, टप्पा संपला की पैसे. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर. कंत्राटदार तोंड वाकडं करेल, करू दे.

दर जुने असतील तर तेही तपासा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या कोटेशनात तो उतरलाय का ते विचारा.

सातबारावाला

छपराच्या गप्पा चालल्यात, पण जमीन कोणाच्या नावावर? जुनं घर पाडून नवीन बांधताना सामायिक सातबारा असेल तर सगळ्यांच्या संमत्या आधी घ्या. आम्ही जोतं बांधेपर्यंत कोणी बोललं नाही. स्लॅबचं सेंटरिंग लागलं त्या दिवशी चुलतचुलत्याला आजोबांची आठवण आली.

खळ्यातला

सतरा सह्या आहेत. सोळा झाल्या. सतरावे काका विरारला असतात, त्यांना घर कसं असावं याबद्दल मत आहे.

अर्धा_कप

त्यांना धाग्यावर आणा. इथे सगळ्यांनाच आहे.

मडगावकार्न

फरशीबद्दल सांगते. आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीत चकचकीत व्हिट्रीफाइड घातली आणि पहिल्याच जूनमध्ये चूक कळली. पावसाच्या तोंडावर दमट वारा सुटला की थंडगार फरशीला घाम सुटतो, अगदी पाणी सांडल्यासारखा. त्या दोनदा घसरल्या. मग ती खोली उखडून खरखरीत टाइल घातली. आईबाबांसाठी न्हाणीघर, संडास आणि पडवी तरी खरखरीतच घ्या. न्हाणीघराला उंबरठा नको, उतार द्या. संडासात भिंतीला धरायला दांडा लावायचा असेल तर चिनाई चालू असतानाच तिथे काँक्रीटचा ठोकळा बसवून घ्या. मागाहून चिऱ्यात स्क्रू धरत नाहीत, भुगा होतो.

जुनी_खिडकी

खिडक्या: लाकडी घातल्या तर जुलैत उघडणार नाहीत आणि जानेवारीत बंद होणार नाहीत. आम्ही यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) घेतल्या. सरकत्या घेणार असाल तर खालच्या पट्टीला पाणी जायची भोकं आहेत का ते बसवण्याआधी बघा. आमच्या माणसाने ती सिलिकॉनने बुजवली, "स्वच्छ दिसायला". पहिल्या झडीला खिडकीतून पाणी पायरी-पायरीने खाली. नैऋत्येकडच्या खिडक्यांना दोन फुटांचा तरी छज्जा द्या. पूर्वी पडवीला झाप बांधायचे ते काही उगाच नाही.

सौरवेडा

छपरावर सौर पॅनेल बसवणार का? पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पावसाळ्यात वीज कमी मिळते, पण बाकी आठ महिने भरून काढतात. कौलांवर पॅनेल बसवता येतात, पण बसवणारे वर चालतात, आणि त्यांच्या पायाला कौलांची दया नसते. दक्षिणेकडे स्लॅबचा तुकडा असेल तर काम सोपं.

साइटवरचा_सिव्हिल

विजेचं निघालंय म्हणून, कातळावर अर्थिंग नीट लागत नाही. जांभा उन्हाळ्यात कोरडाठक्क, खड्डा खणून मीठ-कोळसा घातला तरी प्रवाह उतरत नाही. अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) लावाच. आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट. जांभ्यातून घाण पाणी गाळून जात नाही, भेगांतून सरळ जातं.

पागोळी

धागा छपरापासून शोषखड्ड्यापर्यंत आला. गजालीन घो खाल्लो, म्हणजे गप्पांच्या नादात मूळ काम राहिलं.

खळ्यातला

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून बायकोने उतरत्या स्लॅबचा नाद सोडला (सिव्हिल साहेब, तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला). आता दोन प्रश्न. जुन्या घराचे चिरे परत वापरू का? आणि कंत्राटदार म्हणतोय कॉलम-बीमचा सांगाडा हवाच, नुसत्या चिऱ्याच्या भिंतींवर आता कोणी बांधत नाही. तळमजल्याच्या घराला खरंच लागतो?

साइटवरचा_सिव्हिल

जुने चिरे सोन्यासारखे. जांभा खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत राहून कडक होत जातो, तुमचे मुरलेले आहेत. माती झाडा, हातोडीने वाजवून बघा, बद्द आवाज आला तो बाजूला. जमिनीलगतचे वरच्या थरांना नको, ते कुंपणाला.

एका मजल्याला नऊ इंची चिऱ्याची भिंत पुरते. सांगाडा हवाच असं नाही, पट्टे मात्र हवेत: जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर एक, भिंतीच्या माथ्यावर एक, सळईचे, घराभोवती अखंड. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं तुमच्या बाबांच्या वयाची. चिपळूणकडच्या कोणाला विचारा. आपली भिंत खालून दाबली तर पाहिजे तेवढं सोसते, आडवी हलली की सुटते. ते सुटणं पट्टे धरून ठेवतात. कंत्राटदार सांगाडा सांगतो कारण तो त्याला येतो आणि त्यात सिमेंट-सळई जास्त जाते. पण पुढे माळा चढवायचा असेल तर तो बरोबर आहे, हे आत्ताच ठरवा.

वाळवीचं औषध जोत्याची भरणी झाल्यावर, फरशीच्या आधी. लाकडी चौकटी नकोतच. ग्रॅनाइटच्या लावा.

पागोळी

आणि चिऱ्याला बाहेरून प्लास्टर करून रंग फासू नका. दगड श्वास घेतो.

साइटवरचा_सिव्हिल

इथे माझा विरोध. श्वास घेतो तसं पाणीही पितो. नैऋत्येची भिंत उघडी ठेवून बघा, ऑगस्टात आतून कपाटातल्या साड्यांना बुरशी. पावसाच्या तोंडची बाजू प्लास्टर करा, बाकीच्या तीन बाजू सांधे भरून उघड्या ठेवा.

पागोळी

तीन बाजू सुटल्या, हेही नसे थोडके.

खळ्यातला

अखेर ठरलं. काल बाबा, कंत्राटदार आणि मी खळ्यात फक्की मारून आखणी केली.

मागची बाजू, म्हणजे आईबाबांची झोपायची खोली, न्हाणीघर आणि संडास, साधारण ३०० चौरस फूट, सपाट स्लॅब. पाण्याची टाकी आणि सौर पॅनेल त्यावर. चढायला पक्का जिना, कठड्यासकट, शिडी घरातच ठेवायची नाही. पुढे माजघर, ओटी, पडवी जीआयच्या सांगाड्यावर कौलं, खाली सीलिंगची कौलं, कडा तारेने बांधून. माळ्याचा विचार सोडला, त्यामुळे कॉलम नाहीत, तीन पट्टे. विरारच्या काकांनी सही केली. अट एकच, पडवीत झोपाळा.

बाबा म्हणाले, "अर्ध घर माझं, अर्ध तुझं." मग म्हणाले, "गळेल ते तुझं."

साइटवरचा_सिव्हिल

चांगलं ठरवलंत. आता नको ती बातमी: दोन छपरं जिथे भेटतात तिथेच गळतं. कौलांचा उतार स्लॅबच्या खोलीकडे अजिबात नको, पाणी तिच्यापासून लांब गेलं पाहिजे. स्लॅब कौलांच्या आढ्यापेक्षा उंच घ्या, कौलं भिंतीपाशी संपतात तिथे वरून काँक्रीटची पट्टी सहा इंच पुढे काढा आणि तिच्या खालच्या कडेला खाच ठेवा, म्हणजे पाणी ओघळून भिंतीवर परत येत नाही. हे नकाशात काढून घ्या. कंत्राटदार "बघू नंतर" म्हणेल.

खळ्यातला

तो आत्ताच म्हणाला, "बघू नंतर."

माजघर

शिडी काढून टाकलीत, फार बरं केलंत. आणि जिन्याला रात्री दिवा ठेवा. टाकी भरली का बघायला बाबा जाणारच.

वेंगुर्ल्याचो

म्हणजे आता माकडांसाठी जिनो पण केलास!

खळ्यातला

जिन्याला लोखंडी दार लावतोय. वेल्डिंगवाले, जीआयच ना?

वेल्डिंगवाला

जीआयच. आणि कडी आतून नको, बाहेरून द्या. माकडं कडी काढतात.